जबडा सैल, विमान वर

मी बारा वर्षांची असताना दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी माझ्या डोक्याला वायरी चिकटवून मला एका विमानासमोर बसवलं जायचं. विमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर होतं. माझा मेंदू नीट वागला की ते वर जायचं आणि बिघडला की खाली यायचं, असं आम्हाला सांगितलेलं होतं. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. हे दीड वर्ष चाललं. त्या दीड वर्षाबद्दल आजवर जे कोणी बोललं ते माझ्या वतीने बोललं. आता मी चोवीस वर्षांची आहे, तेव्हा माझं मी लिहिते.

आम्ही नवी मुंबईत नेरूळला राहतो. बाबा मूळचे राजापूरकडचे, बेलापूरला सरकारी कार्यालयात. आई कराडची, केमिस्ट्रीत एमएस्सी. महापेच्या एका औषध कंपनीत ती माल तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. मी चार वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं आणि आईने नोकरी सोडली. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याने आधी माझ्यासारख्या कुणाशी पाच मिनिटं बोलून बघायला हवं होतं. मी स्वतःत कधीच मग्न नव्हते. उलट बाहेरचंच सगळं माझ्यावर चालून यायचं. मिक्सर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, वर्गातल्या ट्यूबलाइटची घरघर, बाईंच्या बांगड्या. ते फार झालं की मी अंगठा बाकीच्या चार बोटांवरून ओळीने फिरवायचे आणि नेरूळ ते वाशी बसचे थांबे क्रमाने म्हणायचे. त्याने मला बरं वाटायचं. इतरांना बरं वाटायचं नाही.

सहावीत वर्गशिक्षिकेने आईला बोलावून सांगितलं, "मुलं हसतात हो हिला. काहीतरी करा." मुलं हसत होती, तर मुलांचं काहीतरी करायला हवं होतं. पण आई घरी येऊन रडली, आणि त्याच आठवड्यात बाबांनी ऑफिसातून एक माहितीपत्रक आणलं.

सेंटर वाशीला होतं, पडद्यांच्या कापडाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या मुख्य माणसाला सगळे सर म्हणायचे. ते डॉक्टर होते की नाही हे मला आजही ठाऊक नाही. दारावरच्या पाटीत नावापुढे बरीच अक्षरं होती. आवाज गोड, कधी कुणावर चिडलेले मी पाहिले नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर टोपी चढवून मेंदूचा नकाशा काढला. पडद्यावर एक गोल आला, त्यात लाल, पिवळे, निळे डाग.

"हे लाल दिसतंय ना," सर बाबांना म्हणाले, "पाम बीच रोडवर सिग्नल बंद पडला की गाड्यांची जशी गर्दी होते, तसं हिच्या डोक्यात चाललंय. आपण एकेक सिग्नल सुरू करत जाऊ."

बाबांना हे फार पटलं. पुढे कित्येक महिने ते नातेवाइकांना पाम बीचचंच उदाहरण द्यायचे. मला राग येतो तो आईचा. लॅबमध्ये एखाद्या बाटलीत अमुक औषध आहे असं कुणी म्हटलं, तर ती कशावरून म्हणतोस, कशाशी ताडून पाहिलंस, असं विचारल्याशिवाय सही करत नसे. हे ती स्वतःच मला अभिमानाने सांगायची. त्या दिवशी तिने एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील?"

वायरी लावायला एक ताई होत्या. पंचविशीच्या असतील. त्या आधी एक पांढरी पेस्ट डोक्याच्या कातडीवर घासायच्या. पेस्टमध्ये बारीक रेती असते, त्याने कातडी साफ होते आणि वायर नीट पकडते. घासणं एकाच जागी, आठवड्यातून दोनदा. मी म्हणायचे, दुखतंय. ताई म्हणायच्या, "थोडंसंच, झालंच." दोन्ही कानांच्या पाळ्यांना चिमटे. मग चाळीस मिनिटं खुर्चीत. हलायचं नाही. घरी आल्यावर आई गरम पाण्याने केस धुवायची तरी ती पेस्ट पूर्ण निघायची नाही, आणि शाळेत मागच्या बाकावरची मुलगी विचारायची, "तुझ्या केसांत मैदा का असतो गं?"

सातव्या-आठव्या वेळी मला विमानाचं कळलं. मला त्या दिवशी झोप येत होती. तोंड थोडं उघडं पडलं, जबडा सैल झाला, डोळे पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर थिजले. विमान सरळ वर गेलं आणि टिंग टिंग वाजायला लागलं. मी दात एकमेकांवर दाबले. विमान खाली. सोडले, वर. पापणी मिटली, खाली. पुढची वीस मिनिटं मी हेच करून बघितलं. दर वेळी तेच झालं.

"ताई," मी म्हटलं, "मी जबडा सैल सोडला की विमान वर जातं. डोक्यात काहीही चालू असलं तरी."

ताईंनी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मग सैल सोडूनच बसायचं. छान चाललंय तुझं. सरांना कशाला सांगायचं हे?"

मोठी झाल्यावर मी याबद्दल वाचलं. जबड्याच्या आणि कपाळाच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जास्त असते आणि डोक्यावरच्या वायरींत ती सहज घुसते. यात गुपित काही नाही. असलं यंत्र चालवणाऱ्याला ही गोष्ट अगदी सुरुवातीला शिकवतात, ती वेगळी काढायच्या पद्धतीही असतात. म्हणजे ताईंना ठाऊक होतं, आणि सरांना ठाऊक असायलाच हवं होतं. न्यूरोफीडबॅकने कुणालाच काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. तेवढा माझा अभ्यास नाही. ऑटिझमवर त्याचा उपयोग होतो असं छातीठोक सांगता येईल असा पुरावा मला शोधूनही सापडला नाही, एवढंच म्हणते. आणि आमच्या घरी मात्र ते छातीठोकच सांगितलं गेलं.

मी विमान वर ठेवायला लागले, कारण विमान वर असलं की ताई डोकं पुन्हा घासायला येत नसत. सरांच्या तक्त्यावर रेघ चढायला लागली. सर मला स्टार म्हणायचे. मग मी तीच युक्ती घरी आणि शाळेत वापरायला लागले. मिक्सर लागला की जबडा सैल, डोळे एका जागी, हात मांडीवर. बोटं हलवायची नाहीत, थांबे म्हणायचे नाहीत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "कमाल आहे, किती शांत झाली." आई फोनवर मावशीला सांगायची, "अगं, खूप फरक आहे." शाळेतून आले की मी बाथरूमच्या दाराला आतून कडी लावायचे आणि डावा हात कोपराच्या खाली चावायचे. खूण उमटेपर्यंत, कधी रक्त येईपर्यंत. मग बाहेर येऊन पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायचे. मे महिन्यात पूर्ण बाह्या. घरात दोन मोठी माणसं होती आणि कुणीही विचारलं नाही.

एकदा विचारलं, खोटं कशाला बोलू. आईने खुणा पाहिल्या आणि सरांना फोन केला. सर म्हणाले की आतला ताण बाहेर पडतोय, हे चांगलं लक्षण आहे. आईने क्रीम आणलं.

मी साडेतेरा वर्षांची होत आले तेव्हा सेंटरने वाशीतल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी पालकांचा मेळावा ठेवला. सरांनी बाबांना विचारलं, तुमची मुलगी दोन शब्द बोलेल का? बाबांनी मला विचारलं नाही, हो म्हणून टाकलं. मला तीन वाक्यं लिहून मिळाली. मी पूर्वी कुणाकडे बघत नव्हते. आता मी शांत बसते आणि अभ्यास करते. थँक यू सर. आईने ती माझ्याकडून आठवडाभर पाठ करून घेतली.

हॉलमध्ये दीडेकशे माणसं होती, एसीचा आवाज होता, माइक मधूनमधून किंचाळत होता. सरांनी मोठ्या पडद्यावर माझ्या मेंदूचे दोन नकाशे दाखवले. पहिला लाल, दुसरा बराचसा हिरवा. मग मला वर बोलावलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि तिन्ही वाक्यं म्हटली. खाली उतरायचं होतं. पण समोर पहिल्या दोन-तीन रांगांत लहान मुलं होती, आणि त्यातल्या एका मुलीच्या केसांत मला पांढरं दिसलं. मी पुन्हा माइकपाशी गेले.

मी म्हटलं, "विमान माझ्या मेंदूमुळे वर जात नाही. मी जबडा सैल सोडते म्हणून जातं. दात दाबले की खाली येतं. मी ताईंना सांगितलं होतं. मी शांत झालेले नाही. मी शाळेत हलत नाही आणि घरी जाऊन हात चावते." आणि बाही वर करून हात दाखवला.

मला वाटलं, झालं, आता थांबेल हे सगळं.

सर पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून माइक अगदी हळुवार काढून घेतला, माझ्या खांद्यावर हात ठेवला (मला कुणी हात लावलेला चालत नाही हे त्यांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर होतं) आणि लोकांना म्हणाले, "ऐकलंत? दीड वर्षापूर्वी ही मुलगी दोन शब्दांच्या पुढे जात नव्हती. आज एवढ्या लोकांसमोर स्वतःच्या भावना स्वतःच्या शब्दांत सांगतेय. याहून मोठा पुरावा मी काय देऊ?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ. मी कान झाकून खाली बसले. दोन शब्दांचं ते साफ खोटं होतं. मी साडेचार वर्षांची असल्यापासून पूर्ण वाक्यं बोलते. सेंटरची माणसं सोडली तर हे हॉलमध्ये तीनच माणसांना ठाऊक होतं, मला, बाबांना आणि आईला. बाबा मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. आई पहिल्या रांगेत होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

नंतर चहा-बिस्किटांच्या टेबलापाशी गर्दी होती. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. एक बाई माझ्याजवळ आल्या, कडेला सात-आठ वर्षांची मुलगी. केसांत पांढरं होतं ती हीच. बाई दिघ्याहून आल्या होत्या, तिथल्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. त्यांनी मला शाबास म्हटलं नाही, गालाला हात लावला नाही. विचारलं, "तू बोललीस ते खरं हाय ना, बाय?"

"हो."

"माझी पन चावते सोताला. घरी आली का चालू. सर म्हनाले, ताण भायेर निघतोय."

"मलाही तसंच म्हणाले."

बाईंनी मुलीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "हिला बोलता येत नाय. मला कसं कळनार हिला काय होतंय ते?"

मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. "कानाच्या वर, मागच्या बाजूला केस बाजूला करून बघा. तिथं घासतात."

बाईंनी तिथंच, चहाच्या टेबलाशेजारी, मुलीचे केस बाजूला केले. खाली कातडी सोललेली होती, एका जागी खपली होती आणि खपलीवर पुन्हा घासल्यामुळे ती अर्धी निघाली होती. मुलीने मान आखडून घेतली पण आवाज केला नाही. बाई मुलीला घेऊन सरांकडे गेल्या. सर दोन पालकांशी बोलत होते.

"ही जखम कसली?"

सर हसून म्हणाले, "अहो, काही मुलांची स्किन सेन्सिटिव्ह असते. घरी खोबरेल लावा."

"मंग थांबायचं व्हतं ना. दोन-दोन डोळे हायेत तुमच्या मानसांना. बोलत नाय म्हनून दुखत नाय का तिला?"

त्यांचा आवाज मोठा होता आणि त्यांनी तो खाली आणला नाही. सर म्हणाले, आपण आत बसून बोलू. बाईंनी मुलीच्या फ्रॉकवर चिकटवलेलं सेंटरचं स्टिकर ओढून काढलं, टेबलावर चहाच्या कपांत टाकलं आणि मुलीला उचलून निघून गेल्या. त्या मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतकी बरोबर वागलेली माणसं फार पाहिलेली नाहीत.

बाबा सरांबरोबर थांबले. बसमध्ये आई माझ्या शेजारी बसली. कोपरखैरणेकडून आलेल्या बसला गर्दी नव्हती.

"सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती?" आई म्हणाली. "मला आधी सांगायचंस."

"तू टाळ्या का वाजवल्यास?"

"सगळे वाजवत होते."

"मी साडेचार वर्षांची असल्यापासून बोलते."

आई खिडकीबाहेर बघत राहिली. सानपाडा गेलं, जुईनगर गेलं.

त्यानंतरच्या बुधवारी मी खुर्चीत बसले आणि चाळीस मिनिटं दात दाबून धरले. विमान जमिनीवरून उठलं नाही. शनिवारी तेच, पुढच्या बुधवारी तेच. जबडा इतका दुखायचा की पोळी चावता यायची नाही. माझी समजूत अशी होती की आता ते हरतील. चौथ्या वेळेनंतर सरांनी आई-बाबांना बोलावून सांगितलं, "मेळाव्याचा ताण आला असेल. थोडी मागे गेलीय. आठवड्यातून तीनदा करूया." विमान वर गेलं तरी त्यांचंच खरं आणि खाली राहिलं तरी त्यांचंच. बाबा म्हणाले, "ठीक आहे, तीनदा."

आई म्हणाली, "मला बसायचंय."

"कुठे?"

"त्या खुर्चीत. वायरी लावून."

सर हसले, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. ताईंनी आईचे केस बाजूला केले आणि पेस्ट घासली. आईने ओठ आवळले. दुखत होतं ते दिसलं मला. कानांना चिमटे लागले, विमान सुरू झालं. "काय करू?" आईने विचारलं, आणि ते तिने सरांना नाही, मला विचारलं.

"दात दाब."

विमान खाली.

"सैल सोड. तोंड थोडं उघडं ठेव. डाव्या कोपऱ्यात बघ."

विमान वर गेलं. टिंग टिंग टिंग. आईने हे दहा वेळा केलं. प्रत्येक वेळी ती पुटपुटत आकडा मोजत होती. मग तिने डोळ्यांसमोर बाबांशी झालेलं सकाळचं भांडण आणलं, असं तिने नंतर मला सांगितलं, आणि जबडा सैलच ठेवला. विमान वरच राहिलं.

"सर," ती म्हणाली, "हे काय मोजतंय?"

सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या ब्रेनमध्येही थोडे इश्यू असू शकतात. पालकांचाही मॅप काढतो आम्ही. अनेकदा ते घरातच असतं."

आईने कानांचे चिमटे स्वतः काढले. डोक्यावरच्या वायरी ओढल्या, त्यांच्याबरोबर काही केस आले. बाबा म्हणत होते, अगं, शांत हो, शांत हो. ती माझी चप्पल हातात घेऊन जिना उतरली, मी तिच्या मागे अनवाणी. खाली दुकानासमोर तिने माझ्या पायांपुढे चप्पल ठेवली आणि म्हणाली, "मला मार हवं तर." मी म्हटलं, "मला मारायचं नाही. मला घरी जायचंय." त्या दिवशी बसमध्ये दोघींच्याही केसांत पेस्ट होती.

आईवरचा माझा राग तिथे संपला नाही. तो आजही आहे, थोडा कमी. जे दहा मिनिटांत तपासता येत होतं ते तपासायला तिला दीड वर्ष लागलं, आणि माझं म्हणणं खरं ठरायला तिचं डोकं लागलं. मी तेच सांगत होते तेव्हा ते माझं लक्षण होतं. तिने केलं तेव्हा तो प्रयोग झाला. हे मी तिला तोंडावर सांगितलं आहे. ती नाही म्हणत नाही. वर्षभराने ती पुन्हा लॅबमध्ये नोकरीला लागली. मी शाळा बदलली, दहावी-बारावी केली, आता घरून मुद्रितशोधनाचं काम करते. मिक्सर लागला की कानांवर हेडफोन घालते. बोटं हलवते. बाथरूममध्ये जाऊन चावायचं बंद व्हायला मात्र चार वर्षं गेली, आणि हातावर डाग राहिले ते राहिले.

बाबा बदलले नाहीत. गेल्या महिन्यात रविवारी त्यांचे एक निवृत्त सहकारी आमच्याकडे आले. त्यांच्या तीन वर्षांच्या नातीला नुकतंच ऑटिझमचं निदान झालं होतं. बाबा त्यांना समजावत होते, "हिला तुम्ही तेव्हा बघायला हवं होतं. एक मशीन असतं, त्याने फार फरक पडला. मध्येच सोडलं नसतं तर आणखी..."

मी आतल्या खोलीतून बाहेर आले. "बाबा, हे खरं नाही."

"अगं, पाहुण्यांसमोर..."

"तुम्ही पाहुण्यांनाच सांगताय म्हणून."

मी खुर्ची ओढून बसले आणि काकांना सगळं सांगितलं. पेस्ट, जबडा, हॉल, हात. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. बाबा उठून बाल्कनीत गेले. काका खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग नातीसाठी काय करू मी?"

मी विचारलं, "तिला काय आवडतं?"

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला आणि विचारलं. सुनेने बराच वेळ काहीतरी सांगितलं. काका मला म्हणाले, "नळाखाली हात धरायला आवडतं म्हणे. आम्ही पाणी वाया जातं म्हणून ओढून आणतो." मी म्हटलं, बादली ठेवा खाली आणि धरू द्या. बाकी बोलायला शिकवणाऱ्या चांगल्या बाई शोधा, आणि तिथे ती रडायला लागली तर का रडते ते बघा, रडणं चांगलं असं कुणी म्हणालं तर उठून या. त्यांनी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं.

ते गेल्यावर बाबा आत आले. "माझी लाज काढलीस आज," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं आणि कप उचलून आत नेले.